कर्नलच्या नजरेआड

पुण्याहून नवीन मशीन घेऊन आलेल्या इंजिनिअरने मला पहिलं वाक्य ऐकवलं ते हे: "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का? आत जागा कमी आहे." आमच्या सर्व्हर रूममध्ये दोन माणसं आरामात मावतात. मी आणि अण्णा उन्हाळ्यात मुद्दाम डबा घेऊन तिथे बसायचो, कारण ऑफिसातला चालणारा एसी तेवढाच. मी बाहेर थांबले, पण दाराच्या काचेतून त्याच्या हातांकडे बघत राहिले. तो माणूस मला आवडला नाही. कारण विचाराल तर तेव्हा काहीच नव्हतं.

आमची कंपनी सोलापुरात इंटरनेट पुरवते. घरं, दुकानं, दवाखाने, आणि चिंचोळी एमआयडीसीतले काही कारखाने. मालक पूर्वी केबल टीव्हीच्या धंद्यात होते. तारा आधीपासून होत्या, त्यातून पुढे इंटरनेट आलं. मी तिथलं नेटवर्क सांभाळते. ज्यांना मी अण्णा म्हणते ते बाहेरचं सगळं बघतात, म्हणजे खांब, केबल, जोडण्या, ग्राहकाच्या भिंतीला भोक पाडणं. रोज कुंभारीहून मोटरसायकलवर येतात. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि फोनवर समोरचा जी भाषा बोलेल ती.

नव्या मशीनच्या आधी आमचं सगळं काम एका साध्या लिनक्स सर्व्हरवर चालायचं. तो मीच उभा केला होता. अशा मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. नेटवर्क कार्डावर आलेलं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा प्रत्येक छोटा तुकडा, आधी कर्नलच्या हातात पडतो. तो पत्ता बघतो आणि पॅकेट कुठे पाठवायचं ते ठरवतो. बाकीचे साधे प्रोग्राम बाहेर, त्यांच्या वेगळ्या जागेत चालतात. तिला यूजर-स्पेस म्हणतात. त्या प्रोग्रामांना कार्डाला थेट हात लावता येत नाही, जे काही हवं ते कर्नलकडून मागून घ्यायचं.

ही रचना मला पसंत होती. कुठे काही अडलं की मी एक छोटी आज्ञा द्यायची, आणि कर्नल मला दाखवायचा: हे पॅकेट इकडून आलं, तिकडे गेलं, हे परत आलंच नाही. आतला मजकूर हल्ली कुलूपबंदच असतो, तो मला वाचता येत नाही. दिसतात ते पत्ते. पण तक्रार कुठली आहे, आमची की ग्राहकाच्या राउटरची, हे सांगायला पत्ते पुरतात.

अडचण संध्याकाळी यायची. मॅच असली की सगळं शहर एकदम बघायला बसतं आणि एकेका पॅकेटची चौकशी करता करता कर्नल थकून जायचा. चित्र थांबायचं, ऑफिसचे फोन वाजायला लागायचे. म्हणून मालकांनी भाड्याने नवीन मशीन आणलं. त्यात पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. ते कर्नलला विचारतच नाही. कार्ड स्वतःच्या ताब्यात घेतं आणि पॅकेटं थेट यूजर-स्पेसमध्ये उचलतं.

"कर्नलला बाजूला बसवायचं," इंजिनिअर मला नंतर समजावत होता. तिशीचा असेल, बोलणं गोड. "त्याला कार्ड दिसतच नाही. त्यामुळे वेग बघा किती मिळतो."

वेग खरंच मिळाला. त्या संध्याकाळी मॅच होती आणि एकही फोन आला नाही. मालक खूश झाले, सगळ्यांना समोसे मागवले.

मी मात्र तो पुण्याला निघून गेल्यावर मशीनवर लॉगिन केलं आणि नेहमीची आज्ञा दिली. मशीन म्हणालं, असं कुठलं कार्डच नाही. समोर कार्डाचे हिरवे दिवे लुकलुकत होते, आमचे सगळे ग्राहक त्यातून ये-जा करत होते, आणि कर्नलच्या लेखी तिथे काहीच घडत नव्हतं. नव्या सॉफ्टवेअरचं आतलं खातं वेगळं होतं, त्याचा पासवर्ड पुण्यातच होता. "सपोर्ट आम्ही देणार ना, मग तुम्हाला कशाला त्रास," असं त्याने सांगितलं होतं. इतकी वर्षं ज्या खोलीत मी डोळे मिटून वावरत होते, तिथे कुणीतरी पडदा लावून गेल्यासारखं मला वाटलं.

काही दिवसांनी अण्णा माझ्या टेबलाशी आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "मॅडम, ते मशीन रिकामं असताना बी तापतंय की."

"रिकामं कधी?"

"सकाळी ऑफिस उघडलं की बगतो मी. लोक झोपल्याली असत्यात, तरी पंखा घूं घूं करतोय. हात लावा, चटका बसतोय."

मी बघितलं. प्रोसेसर शंभर टक्के कामात होता. दुपारी बघितलं, तेच. मी पुण्याला फोन लावला. इंजिनिअर हसला. "मॅडम, ते असंच असतं. आमचा प्रोग्राम कार्डाने हाक मारायची वाट बघत नाही. तोच सारखा विचारत राहतो, आलं का, आलं का. म्हणून तो कायम कामात दिसतो." मी नंतर वाचून खात्री केली. तो खरं बोलत होता. या पद्धतीची सॉफ्टवेअरं अशीच चालतात.

अण्णांना ते पटलं नाही. "काम न्हाय आन् शंभर टक्के काम चाललंय. कुणाचं काम, ते सांगा की."

मी तेव्हा हसले. पण प्रश्न डोक्यात बसला.

त्यानंतर चिंचोळीचे एक कारखानदार ऑफिसात आले. ते मशीनचे सुटे भाग बनवतात आणि आमचे जुने ग्राहक आहेत. फोन न करता स्वतः आले, म्हणजे गोष्ट साधी नव्हती. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आम्ही कुठल्याही कंपनीला दर पाठवला," कारखानदार म्हणाले, "की मोहोळकडचा एक जण त्याच्यापेक्षा जरासा कमी दर टाकतो. एकदा झालं, म्हटलं योगायोग. आता नेहमीचंच झालंय. दर आम्ही मेलने पाठवतो. मेल तुमच्या इंटरनेटवरून जातो."

मालक म्हणाले, "आमच्याकडे कोण मेल वाचणार, साहेब?"

कारखानदारांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं. "तुमच्या मॅडम वायरीतलं सगळं बघतात म्हणे. तुमचाच माणूस आमच्याकडे सांगत होता."

मग मालकांनीही माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. शाळेत वर्गात कुणाचा कंपास हरवला की बाई सगळ्यांची दप्तरं तपासायच्या, पण सुरुवात आमच्या बाकापासून व्हायची. आमची वस्ती कुठली हे बाईंना माहीत होतं. पुढे कॉलेजात, मुलाखतींत, भाड्याचं घर बघताना, पत्ता सांगितला की समोरचा क्षणभर जसा गप्प होतो, तसे मालक गप्प झाले. सात वर्षं मी त्यांच्याकडे काम करत होते. ते मनाने वाईट नाहीत. पण त्या क्षणी त्यांचे डोळे कुठे वळले ते मी पाहिलं.

मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, "एक म्हणजे, मेलमधला मजकूर मला कधीच वाचता येत नव्हता. दुसरं, नवीन मशीन आल्यापासून मला काहीच दिसत नाही. त्यातून जे जातं ते कर्नलला कळत नाही, आणि कर्नलला जे कळत नाही ते मला दिसायचा मार्ग नाही."

"तुम्ही इथल्या नेटवर्कच्या प्रमुख," कारखानदार म्हणाले, "आणि तुम्हाला दिसत नाही?"

"नाही."

"मग कुणाला दिसतं?"

"पासवर्ड पुण्याच्या कंपनीकडे आहे," मी म्हणाले. आणि खरं सांगायचं तर माझा बचाव मलाही पोकळ वाटत होता. चोरी झाली तेव्हा मी आंधळी होते, असं कुणी म्हणालं तर मी तरी विश्वास ठेवला असता का?

ते गेल्यावर मालक म्हणाले, "मॅडम, गैरसमज नको. पण हे मिटेपर्यंत सर्व्हर रूमची किल्ली माझ्याकडे राहू दे." मी किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. अण्णांकडे दुसरी किल्ली होती. ती त्यांनी मागितली नाही. हेही मी लक्षात ठेवलं.

संध्याकाळी मी अण्णांना खाली चहाच्या गाड्यावर गाठलं. "तुम्ही कारखान्यात माझ्याबद्दल काय सांगितलं?"

त्यांनी लपवलं नाही. "म्हणलो व्हय. नवी लाईन जोडाय गेल्तो तितं. नेट बंद पडलं की तुमी काय करताव, असं इचारलं त्यांनी. म्हणलं, आमच्या मॅडम हापिसात बसून वायरीतलं बगून सांगत्यात, कुटं अडलंय ते. कौतुकानं म्हणलो की."

"कौतुकाने?"

"मग काय चाडी कराय गेल्तो?" ते दुखावल्यासारखे दिसले. चहा अर्धाच ठेवून मोटरसायकलकडे गेले.

मी तिथेच उभी राहिले. मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण त्या दिवसांत माझी अशी अवस्था झाली होती की कुणी साधं "जेवलात का" विचारलं तरी हा का विचारतोय, असं वाटायचं. घरी आईने विचारलं, चेहरा असा का? मी म्हणाले, ऊन लागलं.

खोलीत जायची बंदी होती, पण एक गोष्ट माझ्याकडे राहिली होती. नव्या मशीनला जाणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या तारा आधी एका स्विचमधून, म्हणजे तारा एकमेकींना जोडणाऱ्या पेटीतून, जातात. तो आमचा जुना स्विच. त्याचा पासवर्ड माझा. प्रत्येक तारेवरून किती माल गेला याची मोजदाद तो ठेवतो. आता या मशीनचं काम फक्त पुढे सरकवण्याचं. ग्राहकांकडून जेवढं आत येईल, जवळपास तेवढंच दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला हवं. मी माझ्या टेबलावरूनच आकडे बघायला लागले. बाहेर पडणारं जास्त होतं. फार नाही, थोडंच. पण सकाळी थोडं, दुपारी थोडं, कायम. कारखाने चालू असले की फरक वाढायचा. रविवारी तो जवळजवळ नाहीसा झाला.

घरातली माणसं रविवारी जास्त इंटरनेट वापरतात. हा फरक मात्र रविवारी सुट्टी घेत होता.

एकदा मनात आलं, अण्णांकडची किल्ली मागावी आणि मालक नसताना आत जाऊन बघावं. पण तसं कुणी पाहिलं असतं, तर माझ्याबद्दलची शंका पक्कीच झाली असती. मी सरळ मालकांकडे गेले. "माझ्यावर संशय आहे ना, मग तुम्ही स्वतः बसा. तुमच्यासमोर बघते. अण्णांनाही बोलवा."

दुपारची वेळ होती. मालक सर्व्हर रूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. मी स्विचला सांगितलं की मशीनमधून बाहेर जाणाऱ्या तारेवर जे काही येईल त्याची नक्कल माझ्या लॅपटॉपवर दे. आता मशीनच्या आत कर्नलला काय दिसतं याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. मी त्याच्या दाराबाहेर बसले होते. अण्णा बाहेरच्या टेबलावर घरगुती जोडणीच्या लॅपटॉपपाशी होते.

"अण्णा, चालू करा."

त्यांनी एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी पॅकेटं पाठवायला सुरुवात केली. माझ्या स्क्रीनवर ती ओळीने बाहेर पडताना दिसली. एक आत, एक बाहेर. जास्तीचं काही नाही.

मालकांनी सुस्कारा टाकला. "झालं ना? उगाच आपण..."

अण्णा दारातून म्हणाले, "मालक, ही घरगुती लाईन झाली. फॅक्टरीवाल्या लायनीवरनं बगू की एकदा."

त्यांनी तार बदलली. मी म्हणाले, "चालू." आणि स्क्रीनवर जोडीने ओळी यायला लागल्या. एक अण्णांचं पॅकेट, त्याच्या पाठोपाठ दुसरं, एका अनोळखी पत्त्याकडे निघालेलं. ते उघडून बघितलं तर अण्णांच्या पॅकेटचा वरचा, पत्त्यांचा भाग त्यात जसाच्या तसा गुंडाळलेला होता. "बंद करा," मी म्हणाले. दोन्ही थांबलं. "चालू." दोन्ही सुरू झालं. मालक स्टुलावरून उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. त्यांना त्या ओळी वाचता येत नव्हत्या, पण दोन-दोन येताहेत एवढं त्यांना दिसत होतं.

"हे काय आहे?"

"कारखान्यांच्या लाईनवरून कोण कुणाशी बोलतं, कधी बोलतं, किती बोलतं, ते कुणालातरी कळवलं जातंय."

"म्हणजे मेल वाचला जातोय?"

इथे मला गप्प राहता आलं असतं. माझ्यावरचा आळ तिथल्या तिथे पुसला गेला असता. पण मी म्हणाले, "नाही. मजकूर यात नाही. दर यातून फुटला नसणार."

मालकांनी पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. इंजिनिअरचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "सर, ते क्वालिटी रिपोर्टसाठी आहे. मोठ्या ग्राहकांची सेवा कशी चाललीय ते आम्ही बघतो. तुम्हाला सांगितलं होतं की आमच्या साहेबांनी. तुम्ही हो म्हणाला होता."

मी मालकांकडे बघितलं. ते दिव्यांकडे बघत होते.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"देखरेख करू म्हणाले होते. देखरेख कुणाला नको असते? त्याचा असा अर्थ असतो हे मला काय माहीत." त्यांना खरंच माहीत नसावं. किंवा विचारायचं त्यांनी टाळलं असावं. यातलं कुठलं, ते मी आजही सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी जोडीच्या ओळी बंद झाल्या. इंजिनिअरने पुण्यात बसून ते बंद केलं होतं. मालकांच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने नाही, कारण जे तिथे बसून बंद करता येतं ते तिथे बसून चालूही करता येतं, आणि आम्हाला ते कळायला पुन्हा स्विचवर लॅपटॉप लावून बसावं लागणार.

आठवडा गेला असेल. कारखानदारांचा मालकांना फोन आला. त्यांच्याकडून काम सोडून गेलेला एक जण मोहोळकडच्या कारखान्यात लागला होता, आणि त्याच्या फोनवर त्यांचा ऑफिसचा मेल अजून उघडा होता. पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. दर तिथून फुटत होता. मालकांनी मला हे दुपारी सहज सांगितलं, बोलता बोलता खिशातून किल्ली काढली आणि माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली.

मी म्हणाले, "त्यांना त्या जोडीच्या पॅकेटांबद्दल सांगितलंत?"

"कशाला? त्याचा काय संबंध निघाला?"

"त्यांची माहिती गेली ना."

"मॅडम, विषय मिटलाय."

त्याच सुमारास चिंचोळीत त्या कारखान्याची केबल ट्रकने तोडली. अण्णा जोडायला निघाले तेव्हा मी त्यांच्या मागे बसले. वाटेत त्यांना सांगितलं मी कशाला येतेय ते. त्यांनी गाडीचा वेग थोडा कमी केला. मग म्हणाले, "सांगा की. मी हाय तितंच."

कारखानदार शेडच्या दारात भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं, काय गेलं, काय गेलं नाही, आणि आता ते बंद आहे असं पुण्याचे लोक म्हणतात. त्यांनी संशय घेतल्याबद्दल माफी वगैरे मागितली नाही. फक्त विचारलं, "म्हणतात म्हणजे? तुम्हाला खात्री नाही?"

"त्या मशीनची खात्री मी देऊ शकत नाही. ज्याचं आतलं मला दिसतं त्याची देते."

त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावला. काय बोलले ते मी ऐकलं नाही, यंत्रांचा आवाज होता. पण मी ऑफिसात परतले तेव्हा मालकांचा चेहरा सांगत होता. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. "ग्राहकाकडे परस्पर जायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"आता ते म्हणतात, हे मशीन असेल तर आम्ही दुसरीकडे जातो. काय करायचं, सांगा."

मी सांगितलं. कर्नलला वगळून काम करणारी सॉफ्टवेअरं फक्त या कंपनीकडे नाहीत. काहींचा सगळा कोड उघडा असतो, कुणीही वाचू शकतं. पद्धत तीच, वेग जवळपास तोच. मशीन आपलं, बसवणार मी, पासवर्ड आपल्याकडे. पॅकेटं कर्नलला दिसणार नाहीत हे तसंच राहील, पण त्या सॉफ्टवेअरच्या आत डोकावायची खिडकी माझ्याकडे असेल. जमेपर्यंत आपला जुना लिनक्स सर्व्हर लावू.

मधले दिवस वाईट गेले. संध्याकाळी चित्र पुन्हा थांबायला लागलं, फोनवर लोकांनी तेलुगूत, दखनीत, मराठीत जे काही ऐकवायचं ते ऐकवलं. मालक कामापुरतं बोलायचे. मी ते उघडं सॉफ्टवेअर शिकत होते. वाचता वाचता एक गोष्ट मान्य करावी लागली. मी कर्नलवर इतकी वर्षं विश्वास टाकला, पण त्याचा कोड मी स्वतः कुठे वाचला होता? जगातल्या अनेकांनी वाचलाय, एवढ्यावर मी निर्धास्त होते. आता निदान काही पानं स्वतः वाचली. सगळी नाही. शक्यच नाही.

नवीन मशीन उभं राहिलं. पंखा पूर्वीच्याइतकाच जोरात घोंगावत होता. अण्णांना मी आतली मोजदाद स्क्रीनवर दाखवली, प्रोग्रामचा कुठला भाग 'आलं का' विचारायला किती वेळा रिकामा हेलपाटा घालतो ते. त्यांनी बराच वेळ बघितलं. "असं पयलंच दावलं असतं त्यांनी, तर कशाला एवढं झालं असतं," म्हणाले.

पुण्याच्या कंपनीचं भाड्याचं मशीन न्यायला तोच इंजिनिअर आला. जेवणाची वेळ होती म्हणून आम्ही त्याला डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. ती त्याला तिखट लागली, पण त्याने खाल्ली. खाता खाता मी विचारलं, "तो पत्ता कुणाचा होता? ज्याच्याकडे पॅकेटं जायची?"

तो पाणी प्यायला. "खरं सांगू मॅडम? मला माहीत नाही. सगळ्या शहरांत मशीन बसवताना तो टाकायचा असतो. मी विचारलं होतं एकदा. वरचे म्हणाले, रिपोर्टचा सर्व्हर."

"आणि रिपोर्ट तुम्ही कधी पाहिलात?"

"नाही."

पुढे काही महिन्यांनी त्याचा फोन आला. त्याने ती नोकरी सोडली होती. आमच्याकडे जागा आहे का, विचारत होता. मालकांनी माझं मत मागितलं. हल्ली मशीन असो, माणूस असो, काहीही आणायचं असेल तर ते मला विचारतात, पण विचारताना नजर दुसरीकडे असते. मी म्हणाले, काम येतं त्याला, बोलवा. पासवर्ड मात्र मी देईन तेवढेच.

तो आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. काम चोख करतो, वेळेवर येतो. महिन्यातून एखादी दुपार मी स्विचला लॅपटॉप जोडते आणि बाहेर जाणाऱ्या तारेवरच्या ओळी बघत बसते. त्याला ते दिसतं.